बिनमिठाची गुळणी

४ जून
भाषा विभाग, दुसरा मजला

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करायची हे तुम्हीच फळ्यावर लिहून शिकवलं होतंत, त्यामुळे हात अजून आपोआप तसाच वळतो. तुमची तब्येत बरी असेल. गुडघ्यांचं ऐकलं. ज्या पावलांचा जिन्यात आवाज आला की वर्ग चिडीचूप व्हायचा, ती आता काठीशिवाय उचलत नाहीत म्हणे. वाईट वाटलं असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

मी कोण ते आठवायला थोडी मदत करते. पहिली आणि पाचवी एकाच खोलीत बसायची, त्यातली पाचवीतली. खिडकीजवळचं पहिलं बाक, दोन वेण्या. धाकटी बहीण पहिलीत होती, मागच्या भिंतीला टेकून बसायची. ती आता चष्म्याच्या दुकानात काचा घासते. लोकांना दिसायला लागेल अशी सोय करते आणि स्वतः दिवसभर चकार शब्द काढत नाही.

मी वीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत होते. मृत्यूच्या वहीत मातृभाषेचा एक रकाना असतो. वीस वर्षांत आपल्या भाषेचं नाव मी त्या रकान्यात एकशे सत्तावीस वेळा लिहिलं. जन्माच्या वहीतही तो रकाना आहे, तिथे एकदाही नाही. शेवटी त्रेचाळिसाव्या वर्षी राजीनामा टाकला आणि इथे पदव्युत्तर वर्गाला नाव घातलं. बोलणारी माणसं संपत आलेल्या भाषा पुन्हा घराघरांत कशा आणायच्या, ते इथे शिकवतात. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच शिकवणार आहे.

आमची शिकायची रीत तुम्हाला आवडेल. एक शिकणारा आणि एक जाणता अशी जोडी लावतात. दोघांनी दोनशे तास एकत्र काढायचे, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, नुसतं बसून. त्या वेळात दुसऱ्या भाषेतला एक शब्दही तोंडातून निघता कामा नये. निघाला तर तो तास बाद. हा नियम वाचला तेव्हा मला सगळ्यात आधी तुम्ही आठवलात.

माझी जोडी बोटीवरच्या काकांशी होती. एकसष्ट तास झाले आणि मार्चमध्ये काका गेले. आता जाणत्यांच्या यादीत एक मावशी उरल्या आहेत, त्या कुणालाच ओळखत नाहीत. तीस जूनपर्यंत मी दुसऱ्या जाणत्याची सही असलेला अर्ज दिला नाही, तर विभाग आपली भाषा यादीतून काढणार. काकांचे एकसष्ट तास ज्या कपाटात टेप करून ठेवले आहेत ते कपाट मग दुसऱ्या भाषेला जाईल. कुणाचा दोष नाही, जागा कमी आहे.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला आपली भाषा येते. हे मला कुठून कळलं ते भेटीत सांगेन. सोमवार ते शुक्रवार, दहा ते बारा, तुम्हाला सोयीचा कुठलाही दिवस.

आपली जुनी विद्यार्थिनी

*

११ जून

बाई,

माझं पत्र परत मिळालं. लाल शाई अजून वापरता हे पाहून धन्य झाले. चार ऱ्हस्व-दीर्घ, दोन अनुस्वार, एक विरामचिन्ह. खाली शेरा, "अक्षर बरे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे." आणि त्याखाली एकच ओळ, "मला ती भाषा येत नाही. कधीच येत नव्हती."

वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. ठीक आहे. भेटीत सांगणार होते ते पत्रातच सांगते. हेही तपासून पाठवा.

वर्गात घरची भाषा बोलून ज्याचं नाव पाटीवर यायचं, त्याला तुमची शिक्षा काय होती? नळावर जायचं, तोंड भरून पाणी घ्यायचं आणि भिंतीकडे तोंड करून पुढची घंटा होईपर्यंत उभं राहायचं. गिळलं किंवा सांडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मिठाची गुळणी धरली असं लोक नुसतं म्हणतात. आम्ही खरोखर धरायचो, फक्त बिनमिठाची. साध्या बोलण्याला एक घंटा, शिवी दिली तर दोन. आता मला सांगा बाई, भाषा येत नव्हती तर शिवी कुठली आणि साधं बोलणं कुठलं हे तुम्हाला कसं कळायचं? तेहतीस वर्षं झाली, पण एकदाही तुमची चूक झालेली मला आठवत नाही.

आणि तो दिवस. मुख्याध्यापकांच्या पाटलोणीवरून मागच्या बाकावरचा टकलू आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. तुम्ही चटकन फळ्याकडे वळलात. खडू तसाच हातात, फळ्यावर एक अक्षर नाही, आणि तुमचे खांदे गदगदा हलत होते. मग वळलात आणि टकलूला दोन घंटा दिल्यात. हसून घेतलंत आणि मग शिक्षा दिलीत. तेव्हा मी दहा वर्षांची होते, मला वाटलं तुम्हाला खोकला आला.

आता पुरावा. विभागाच्या कपाटात एक जुनी टेप आहे, बासष्ट वर्षांपूर्वीची. कुणी एक संशोधक गावोगाव फिरून मुलांच्या गोष्टी गोळा करत होता. वेष्टनावर लिहिलंय, "मुलगी, वय नऊ, धक्क्यावरच्या तिकीटवाल्याची थोरली." तुमचे वडील धक्क्यावर तिकिटं फाडायचे हे आख्ख्या शाळेला माहीत होतं. गोष्ट सुरू करायच्या आधी ती मुलगी दोनदा खाकरते. हं-हं. हजेरी घ्यायच्या आधीचं तुमचं खाकरणं. चाळीस मुलं त्या आवाजाला दचकून बसायची, मी ते मेले तरी विसरणार नाही. टेपवर हं-हं झालं आणि मी विभागात, कानाला हेडफोन लावून, खुर्चीत ताठ बसले. आणि मग ती मुलगी बोलायला लागली. काय बोलते हो! काकांनासुद्धा असं बोलता येत नव्हतं.

आता धाकटीचं ऐका. ती सहा वर्षांची होती, शाळेत येऊन नववा दिवस. शाळेची भाषा तिला येतच नव्हती. पोटात दुखतंय, बाहेर जायचंय, एवढंच ती बोलली, जी येत होती त्या भाषेत. पाटीवर तिचं नाव आलं. तुम्ही पाटी वाचलीत आणि नळाकडे बोट केलंत. ती काय मागत होती हे तुम्हाला कळलं होतं, बाई. न कळणाऱ्या माणसाला मी केव्हाच माफ केलं असतं. घंटा व्हायच्या आधीच तिच्या फ्रॉकखालून पायांवर ओघळ आले, आणि तोंडातलं पाणी मात्र तिनं सांडू दिलं नाही. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा आपल्या भाषेत बोलली नाही. आजीला दुसरी भाषा येत नव्हती. आजी पुढे तीन वर्षं जगली. नातीशी बोलत राहायची, आणि नात मान हलवायची.

येत्या वीस तारखेला शाळा तुमचा सत्कार करते आहे. नव्या सभागृहाला तुमचं नाव. माजी विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे, कारण म्हणे माझी वाणी स्वच्छ आहे. मी टेप घेऊन येणार आहे. ध्वनिक्षेपक चांगला मागवलाय, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल. चाळीस वर्षं ज्यांच्या तोंडात तुम्ही पाणी भरलंत, ती सगळी माणसं आणि त्यांची मुलं तुमची भाषा ऐकतील. मग फुलं वगैरे.

अर्जावर सही करून पाठवलीत, तर टेप घरी राहील.

आपली जुनी विद्यार्थिनी

*

१७ जून

बाई,

पोस्टकार्ड मिळालं. आपल्या टपालाचा वेग पाहता तुम्ही माझं पत्र वाचल्या वाचल्या उत्तर लिहिलं असणार. कार्ड समोर आहे.

"तुम्ही सगळे नोकऱ्यांना लागलात. मी तोंडात पाणी धरायला लावलं म्हणून लागलात. माझ्या बापाला धक्क्यावर त्याच भाषेवरून लोक काय काय बोलायचे ते मी ऐकलं होतं, तुम्ही नाही. टेप वाजवायची तर खुशाल वाजव. पण ध्वनिक्षेपकावर एवढं सांग की पाटीवर नावं कोण लिहायचं."

लाल शाई नव्हती. साधी निळी.

मी कार्ड चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तुम्हाला माझं बाक आठवत होतं, वेण्या आठवत होत्या, सगळं आठवत होतं. आधीच्या दोन पत्रांत मी किती जपून लिहिलंय ते पुन्हा वाचून पाहिलं. "पाटीवर तिचं नाव आलं." जसं काही आकाशातून पडलं.

मी लिहिलं. तुम्ही मला "वर्गाचा कान" म्हणायचात आणि मी त्या नावाने फुगून जायचे. पाटी माझ्या मांडीवर असायची. कोण कुणाच्या कानात काय कुजबुजलं, सगळं मला ऐकू यायचं. धाकटी बोलली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मला वाटलं, बहिणीचं नाव गाळलं तर पाटी काढून घ्याल. दुसरं काही कारण नव्हतं बाई. पाटी हातची जाऊ नये म्हणून मी लिहिलं. आणि तेहतीस वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडली, कारण तुमच्या नावाने मोडली की माझ्या नावाने मोडायला बोटं उरत नाहीत.

रविवारी दुपारी मी टेप घरी नेली. धाकटी ओट्याशी कप विसळत होती. मी म्हटलं, "जरा ऐकतेस?" ती हात पुसत आली आणि स्टुलावर बसली. हं-हं झालं तशी तिची पाठ ताठ झाली. मग गोष्ट सुरू झाली. खेकड्याची नांगी हरवते आणि तो दारोदार विचारत फिरतो, माझी नांगी पाहिलीत का? बगळ्याच्या दारात धाकटीच्या ओठांचा कोपरा हलला. कासवाच्या दारात ती चक्क हसली. तेहतीस वर्षांनी, आणि जिथे हसायचं तिथेच. शेवटी खेकडा पाणमांजराच्या दारात येतो. पाणमांजर दार उघडतं, पण त्याचं तोंड भरलेलं असतं, ते काही बोलत नाही. आणि तिथे टेप संपते.

मी तिला तेव्हाच सांगितलं. पाटीचं. मान वर करून सांगायचं धाडस झालं नाही, टेबलाकडे बघून सांगितलं.

ती म्हणाली, "माहितीये. अक्षर तुझंच होतं."

एवढंच. रडारड नाही, काही नाही. उठली, उरलेले कप विसळले, पालथे घातले. मग माझ्याकडे वळली आणि एक वाक्य बोलली. आपल्या भाषेत. आवाज सहा वर्षांच्या मुलीसारखा अडखळला, पण शब्द एकन् एक बरोबर.

तिनं विचारलं, "पुढे काय होतं?"

मला माहीत नाही. काकांच्या तासांमध्ये ही गोष्ट नाही. मावशींना विचारून उपयोग नाही. कपाटातल्या सगळ्या वह्या मी दोन दिवसांत पालथ्या घातल्या. पाणमांजराच्या तोंडात काय होतं, हे सांगू शकेल असं जिवंत माणूस एकच आहे.

तेव्हा आता ऐका. शनिवारी मी बोलणार आहेच. टेप वाजवणार नाही. धाकटी म्हणाली, अर्धी गोष्ट लोकांना ऐकवू नये, आणि तिचं म्हणणं मला पटलं. पण पाटी कुणी लिहिली आणि गुळणी कुणी दिली, ही दोन्ही नावं मी ध्वनिक्षेपकावर घेणार आहे. आधी माझं. नंतर तुमचं, त्याच सभागृहात ज्याच्या दारावर ते कोरलं आहे. तुम्ही समोरच्या खुर्चीत हार घालून बसलेल्या असाल. उठून जायचं तर जा, काठी मी आणून देईन.

तुमच्या वडिलांना लोक काय बोलायचे हे मला कळतं. त्यांना जे हसले, त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडात तुम्ही पाणी भरलं नाहीत. आमच्या भरलंत. हे मी माफ करणार नाही, आणि तुम्ही माफी मागितलीत तरी करणार नाही. माझं मलाही करणार नाही. निदान एका बाबतीत आपली जोडी छान जमेल.

अर्ज सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे फुली केली आहे. सोमवारी बावीस तारखेला, सकाळी दहा वाजता, दुसरा मजला, डावीकडून तिसरी खोली. लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको. पहिलीतली असतात तसली बुटकी बाकं आहेत, मी मुद्दाम मागवून घेतली. दोन तास, दुसऱ्या भाषेतला एक शब्दही नाही. खेकड्यापासून सुरुवात करायची.

धाकटीने दुकानातून दोन तासांची सुट्टी काढली आहे. ती आपल्या दोघींच्या मध्ये बसेल. पाटी तिच्याकडे असेल. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले ठेवते आहे, एक तुमचा, एक माझा. ते पाणी प्यायचं की तोंडात धरून भिंतीकडे वळायचं, हे ती सांगेल. ती सांगेल ते दोघींनीही करायचं.

वाट पाहतो आहोत.

वर्गाचा कान