पूजिताच्या लांब कर्जाची तजवीज

मी अनुसूया, कैलासवासी गुंडुराव रंगारी यांची पत्नी, राहणार नजरबाद, म्हैसूर. पोटभर जेवून, डोके ताळ्यावर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आनंदाने हे लिहिते. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून कायद्याचे शब्द शेजारच्या संकर्षणरावांचे, बाकी सगळे माझे.

एक. तांब्याचे हंडे आणि नक्षीचे लाकडी ठसे नात पूजिता हिला. हंडे मोडीत घालू नयेत.

दोन. पूजिता नंजनगूडच्या कारखान्यात नोकरीला आहे. काही वर्षांनी नोकरी सोडून कापड रंगवायचे, हे तिच्या मनात पक्के. गेल्या साली घर घ्यायचे निघाले. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा दामोदर, म्हणाला मोठा फ्लॅट घे, मोठा हप्ता लाव, दहा वर्षांत मोकळी हो. तिला हवे होते कुवेंपुनगरातले लहान बैठे घर, मागे उन्हाची जागा असलेले. कर्जही लांब मुदतीचे, हप्ता लहान, आणि पैसे हाती आले की दंडाशिवाय जास्तीचे भरता येणारे. ती म्हणाली, "अप्पा, दहा वर्षं मोठा हप्ता म्हणजे दहा वर्षं नोकरी." कर्जाला जामीन म्हणून बापाची सही लागत होती आणि तो करीना. दोघे बोलेनासे झाले.

मी बँकेत जाऊन म्हटले, माझे नाव घाला. साहेब म्हणाले, अज्जी, कर्ज वीस वर्षांचे आहे. मी म्हटले, सरी, बरं तर, मी थांबते.

तीन. आमच्यात निळीचा रांजण बिघडला, रंग धरेना, की सासूबाई गल्लीत एक मोठी थाप सोडायच्या. थाप गावभर हिंडली की रांजण सुधारतो, ही रंगाऱ्यांची रीत. मी गल्लीतल्या वेदवतीच्या कानात सांगितले, की लांब कर्ज दामोदरनेच सुचवले, लेकीच्या धंद्याचा विचार आत्तापासून करतो. "अय्यो अनुसूयाक्का, असा बाप कुणाला मिळतो," म्हणत ती चपला घालून निघालीच. संध्याकाळी देवळात चारचौघांनी दामोदरची पाठ थोपटली. एकाने तर स्वतःच्या कर्जासाठी सल्ला विचारला. दामोदर त्याला म्हणाला, "हप्ता पगाराकडे बघून ठरवू नये. पुढे काय करायचंय ते बघून ठरवावा." त्याच आठवड्यात सही झाली.

आता रविवारी मी कुवेंपुनगरातल्या घरी मागच्या पडवीत पडते. पूजिताची ओली कापडे दोरीवर हलतात, भिंत निळी होते, माझे हातही निळे दिसतात. डोळा लागला की त्या कापडांमधून कुणीतरी हळूहळू चालत येते. यांचीच चाल. जवळ येईपर्यंत मी जागी होत नाही, व्हावेसे वाटतही नाही.

चार. माझ्यामागे नजरबादचे घर विकावे. अर्धे पैसे दामोदरला. अर्धे पूजिताला, पण ते सगळे कर्जात ओतू नयेत. नोकरी सोडल्यावर धंदा बसेपर्यंतचे हप्ते आधी बाजूला ठेवावे, उरेल ते कर्जात भरावे. पक्का रंग एका बुडीत चढत नाही.

पाच. या सगळ्याची अंमलबजावणी दामोदरने करावी. दामू, थाप माझी होती हे वाचून तोंड वाकडे करू नकोस. परवा तूच मला अर्धा तास हे कर्ज समजावलेस आणि मी सुम्मने, अगदी गुपचूप, मान डोलावत बसले. तू फार छान सांगत होतास. तेव्हा ते शहाणपण आता तुझेच.

वाचून, समजून सही करते.

अनुसूया गुंडुराव रंगारी
स्थळ: म्हैसूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. संकर्षणराव
२. वेदवती (हिने फक्त माझी सही होताना पाहावी. मजकूर वाचायची गरज कायद्यात नाही, असे संकर्षणराव म्हणतात.)