रायफलीची बट

चौकीवरून,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
पृथ्वीराजचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून हे पत्र. थंडी एवढी की सकाळी भांड्यातलं पाणी फोडून घ्यावं लागतं.

एक काम सांगतो. नेम धरून बसलो की बट गालाला लागते. ती एवढी गार असते की गाल सोलपटून निघालाय. इथं सगळ्यांनीच आपापल्या बटेला काहीबाही गुंडाळलंय, साहेबांच्या नकळत. तूही काहीतरी मऊ पाठव. याहून जास्त पत्रात लिहिता येत नाही.

आटपाडीच्या सुभेदारसाहेबांकडची बोलणी कुठवर आली? तेवढं कळव. विसरू नकोस, कळव.

तब्येतीला जप, माझ्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
पृथ्वीराज

आंबेवस्ती, ता. वाई,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. पृथ्वीराज यास,
आजीचा पोटभर आशीर्वाद. पत्र पावलं.

पत्र वाचता वाचता च्या उतू गेला, तरी मी उठले न्हाई. माजी शाळा तिसरीपतोर, पर अक्षर लावून लावून समदं वाचलं. तू नेम धरलास हे लय ब्येस केलंस. कुठल्या देवाचा, ते लिव्हलं न्हाईस. सोमवारचा आसल तर तिकडं साबुदाना मिळतो का? उगं उपाशी बसू नगस, देवाला फौजेतली मानसं ठावं आसत्यात.

आता खरी गोष्ट. बट गालाला लागती म्हनं! व्हय रं बेन्या, आजीला असं आडून आडून सांगतोस व्हय? आरं, मीबी कवातरी तरनी व्हते. तुजा आज्जा कारखान्यावर ऊस घेऊन जायचा तवा ट्रॅक्टरवर वारं सुटायचं आन माजी बट त्याच्या डोळ्यात जायची. दोनदा ट्रॅक्टर वड्यात घातला त्यानं, पर क्येस बांध म्हनून एक डाव सुदिक म्हनला न्हाई. आपल्या घरात तू पयलाच फौजी, पर ह्या बाबतीत आज्ज्यावरच गेलास.

गार लागती म्हंजी पोरगी न्हाऊन तशीच भाईर पडती वाटतं. तिला सांग, वल्या केसानं थंडीत हिंडू नगं, डोकं धरंल. तुज्या गालाचं आपुन बगू. आन समद्यांनीच गुंडाळलंय, त्येबी साहेबाच्या नकळत? आख्खी पलटन तसलीच हाय का? साहेब काय झोपा काढतो व्हय?

मऊ पाठव म्हनलास, म्हनून वाईच्या बाजारातनं लाल साटनची रुंद फीत आनली. दोन चाप हाईत आन खोबरेलाची बाटली. बाटलीचं टोपान घट लावलंय, तरी जपून सोड. शेजारच्या धुळाच्या शेळीनं पयली फीत खाल्ली, ही दुसरी हाय.

आटपाडीचं ईचारलंस, त्येबी दोनदा. मी समाजले, तुज्या जिवाला घोर लागलाय. काळजी करू नगं, त्ये निस्तरलं. पोराचं मन येकीकडं आन सुपारी दुसरीकडं, असं लोकाच्या लेकीला फसवायचं न्हाई. सुभेदार लालासाहेबास्नी फोन लावून सरळ सांगितलं की आमच्या पोरानं तिकडंच बगितली, तिची बट त्याच्या गालाला लागती. त्यांनी नुसता फोन ठिवला.

पोरीचं नाव कळव. जात-गोत मागनं बगू. मी लय खूश हाय.

हितं समदी बरी हाईत. आजीला इसरू नगं.

तुजी,
आजी

चौकीवरून,
१३ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आजी, हे काय करून बसलीस गं!

पोरगी-बिरगी कुणी नाही. बट म्हणजे रायफलीचा मागचा भाग, खांद्याला टेकवतात तो. नेम धरणं म्हणजे निशाण साधणं, उपवास नव्हे. निशाण साधताना गाल बटेवर टेकावा लागतो. रायफली सगळ्यांच्या एका मापाच्या, गाल मात्र ज्याचा त्याचा. म्हणून कुणी सायकलची ट्यूब चढवतं, कुणी पट्टी गुंडाळतं. आमच्यातल्या सांगलीच्या नेमिनाथनं बायकोनं विणलेला मोजा चढवलाय आणि स्वतः एका पायात मोजा घालून फिरतोय. तपासणी आली की सगळं उतरून खिशात.

तुझं पार्सल सगळ्यांसमोर उघडलं. फीत, चाप आणि खोबरेल बघून चौकी हसून लोळली. आता माझ्या रायफलीला सगळे वहिनी म्हणतात. वहिनींचं न्हाणं झालं का, असं विचारून जातात. ती लाल फीत बांधली तर समोरच्याला मला शोधायचे कष्टच नकोत.

मला सुभेदारांची शिवांजलीच करायची आहे, आजी. बघायच्या कार्यक्रमात तिनं विचारलं होतं, रायफल घासता तसं ताट घासता का? तेव्हापासून दुसरं कुणी डोक्यात आलेलं नाही. दोनदा विचारलं ते त्यासाठी.

(मागे पाहा)

सुभेदारांना एवढंच सांग की तुझा घोटाळा झाला, पोरगी वगैरे कुणी नाही. पण बटेला काय गुंडाळतो ते चुकूनही सांगू नकोस. सरकारी हत्याराला परवानगीशिवाय काही लावायचं नसतं. ते जुन्या शिस्तीचे, दोरा जरी बांधला म्हटलं तरी पोरगी देणार नाहीत.

रागावलो नाही. पण लवकर जा.

तुझा,
पृथ्वीराज

आंबेवस्ती,
२६ डिसेंबर २०२४

चि. पृथ्वीराज यास,
आजीचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. पयली बाजू वाचली आन जीव निस्ता टांगणीला लागला. तशीच उठले, लुगडं बदललं आन यष्टी धरली. मागची बाजू ऱ्हायली. ही चूक माजी, पर तू लिव्हतोस बी लय बारीक.

सातारला गाडी बदलून आटपाडीला पोचस्तवर माजा खुळखुळा झाला. सुभेदार मला बगून उठलं न्हाईत. त्यांच्या मालकिनीनं, हरणाबाईनं, डाळिंब सोलून दिलं. बाई सोन्यासारखी हाय. मी म्हनलं, आवं सुभेदार, माज्या तोंडनं नगं, हे पोराचं पत्र, तुमीच वाचा. त्यांनी चष्मा लावला आन परेडवर हुकूम द्यावा तसं मोठ्यानं वाचाया लागलं. पोरगी कुणी न्हाई म्हनल्यावर हरणाबाईनं देवाला हात जोडलं. ताटाचं वाचलं तवा आत शिवांजलीच्या हातातनं काय तरी पडलं. मग सुभेदारांनी पान उलटलं.

मला काय ठावं मागं काय लिव्हलंय! सुभेदारास्नी सांगू नगस, हे सुभेदारच वाचत व्हते, त्येबी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. हरणाबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला.

सुभेदार म्हनले, आमच्या आख्ख्या नोकरीत सरकारी हत्याराला चिंधी लागली न्हाई. हत्याराचा मान ठिवत न्हाई तो पोरीचा काय ठिवनार? मला ऱ्हावलं न्हाई. मी म्हनलं, आवं, बैलाचा खांदा सोलपटला तर आपुन जुवाला चिंधी गुंडाळतो का न्हाई? त्यात जुवाचा कसला आलाय अपमान? बंदूक सरकारची आसंल, गाल माज्या पोराचा हाय. आन तुमच्या शिस्तीपायी गाल हालला, नेम चुकला, तर पोरगी दिऊन तरी काय उपेग?

लय बोलले रं. बोलून झाल्यावर कळलं. सुभेदार उठले, तुजं पत्र घेऊनच आत गेले आन दार लावलं. मी लय येळ वाट बगत बसले. त्ये काय भाईर आलं न्हाईत. शेवटची गाडी चुकंल म्हनून निघाले.

शिवांजलीनं मला स्कुटीवर ष्ट्यांडापतोर सोडलं. वाटंत हसली न्हाई, रडली न्हाई. येवढंच ईचारलं की गाल कुठला, डावा का उजवा? मला काय ठावं? मी म्हनलं, दोन्ही.

पोरगी हातची गेली तर तुज्या आजीमुळं गेली. शिव्या दे, पर पत्र लिव्ह. चूक पोटात घाल.

तुजी,
आजी

आटपाडी,
४ जानेवारी २०२५

चि. पृथ्वीराज यास,
लालासाहेबांचे आशीर्वाद.

तुमच्या आजी राहीबाई येऊन गेल्या. तुमचं पत्र मी पूर्ण वाचलं आहे, मागच्या बाजूसह.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रायफल सरकारची आहे. तिला परवानगीशिवाय काही लावणं गैर आहे, आणि मी त्याला कधीही संमती देणार नाही. सायकलची ट्यूब तर मूर्खपणा आहे. थंडीत ती कडक होते आणि गाल अधिक सोलते.

सोबत शिवांजलीनं शिवलेलं एक खाकी कापडाचं कव्हर आहे. आत जुन्या गोधडीची घडी आहे. ते मी पाहिलेलं नाही. आमच्या घरातल्या मुसळावर ते घट्ट बसतं आणि एका झटक्यात निघतं, एवढं माझ्या कानावर आलं आहे.

राहीबाईंनी दोन्ही गाल सांगितले. उजव्या हातानं निशाण साधणाऱ्याचा उजवाच गाल टेकतो, तोही बटेच्या डाव्या अंगाला. तेव्हा शिवण उजव्या अंगाला ठेवा, गालाखाली येणार नाही.

रजेची तारीख कळवा. साखरपुडा त्यात धरतो.

आपला,
लालासाहेब
सुभेदार (निवृत्त)

ता. क. : हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.