मधले फोटो

४ जून
उमरेडहून सकाळच्या एसटीनं नागपूरले आली. नात मिनल मिहानकडच्या मोठ्या पडद्याच्या टॉकीजमधी मशीन चालवते. तिनंच मले तिथं झाडूपोछ्याले लावलं. पडदा पाहून मान दुखली, चार मजली घर निजून जाईल त्यावर! मॅनेजर गोपाळराव म्हणाले, अनुसयाबाई, या वयात जमते का? म्हटलं, तुमच्याच्यानं तुमचं पोट उचलते, मग माझ्याच्यानं झाडू नाही उचलत का? हसले. समोसा खाऊ घातला.

७ जून
शोच्या आधी मिनल चाचणीचा एक तुकडा लावते. धानाच्या बांधावरून पाठमोरी बाई चालत जाते, बस्. पण चालताना आचके खाते. मिनल म्हणे, आजी, चित्र हालतच नाही. सेकंदाले चोवीस फोटो येतात, मधलं आपला डोळा भरून घेते. लहान पडद्यावर खपते. इथं एका फोटोतून दुसऱ्यात बाई हातभर सरकते, मग आचका दिसते.
मी जन्मभर मागावर बसली. विरळ कापड मले पाहवत नाही. म्हटलं, फणी जोरानं ठोक वं, पोत घट्ट कर. तिनं सांगितलं, मशीन मधले फोटो स्वतः बनवते, अठ्ठेचाळीस होतात. पण ते कोणी काढलेले नसतात. म्हटलं, नसू दे. भर.

८ जून
भरले. काय चालली बाई! वाटलं, बांध ओलांडून खुर्च्यांत उतरते.

११ जून
मिनलनं एकेक फोटो थांबवून दाखवला. काढलेल्या फोटोत बाई पाठमोरी. मशीननं भरलेल्यात तिचं तोंड आमच्याकडे. एकाआड एक. गोपाळरावले सगळ्यांत पाठच दिसली. म्हणाले, बाई, चष्मा बदला. म्हटलं, तुम्ही डोकं बदला.

१३ जून
जेवताना मिनलचा हात ताटात होता. मग तोंडाशी. मधी कुठंच नव्हता.
ती पाणी पिताना नीट पाहिलं. गडवा खाली. गडवा ओठाले. उचलला कधी?
ती म्हणे, काहून अशी पाहून राहिली? बोलताना ओठही आचके खात होते.

१४ जून
मिनलले मशीन परत चोवीसवर आणायले लावलं. आणलं. बाई तरी आचका खात नाही. मशीन भरत नाही, तर मधलं तिले कुठून मिळून राहिलं? पोरीतून उपसून राहिली. अन् भर म्हणणारी मी.

१५ जून
तुकडा पुसला. मशीन बंद केलं. पडद्यावर बाई चालूनच राहिली.
मिनल दारात — मग जिन्यावर. मधी ती नसते, तो वेळ वाढून राहिला. हाक मारली. अर्धीच ओ आली.

१६ जून
पडद्यासमोर वही घेऊन बसली. बाईले सांगितलं, म्हातारीतलं पाहिजे तेवढं घे, पोरीले सोड. बाई थांबली. पाठमोरी. मग — तोंड.
मागून मिनलची हाक, सबंध, आजी वं! धावत येऊन राहिली. एकही आचका नाही. सुटली —
माझा हात वहीवर — हात मांडीवर —
पळ म्हणते तिले, पण आवाज —
बाई पहिल्या रांगेत —
पोरगी ऐकत नाही, माझा हात धरून ओढते — सोड वं, ती आता आपल्या दोघींच्या म