कुरणाचं सत धुऱ्याखाली

मु. पो. बोरी

पेडगावचे काशीनाथराव यांना तुमचे दाजी व्यंकटी यांचा रामराम. सुमंगलाबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुमचा गुडघा आता कसा हाय? इकडं सगळं खुशाल हाय असं लिहायचा रिवाज हाय, म्हणून लिहिलं. तेवढी एक ओळ सोडली तर बाकीचं पत्र खरं हाय.

तर कुरण गेलं. म्हणजे दोन एकर जागच्या जागी हाय, पण त्यातला जीव गेला. तुमची ताई होती तवर त्या कुरणाला कुणी नांगर दाखवला न्हाई. ‘जुन्या गवताच्या मुळ्यांत वीस वर्साचं शेण हाय, हात लावू नका,’ म्हणायची छबू. (माझ्याशी ती शांतपणे बोलली अशी ही एकच गोष्ट मला आठवती.) तिला जाऊन पोळ्याला वर्ष झालं. यंदा उन्हाळ्यात गवत लय विरळ झालं, तांबडी गाय उपाशी घरी यायली, म्हणून मी नवं गवत लावायचं काढलं. माती पाठवली, तुमी परभणीला तुमच्या प्रयोगशाळेत तपासली, अन् कागदावर आलं की माती एकदम सकस. मग काय, माझ्या अंगातच आलं! घरचं शेणखत मी खालच्या शेतातल्या महारुद्राला फुकट देऊन टाकलं. (त्याच्याच मातीची मला कीव आली होती.)

तुमी फोनवर बजावलं होतं, ते मी नाकारत न्हाई. सगळं एकदम मोडू नका, पट्ट्यापट्ट्यानं मोडा, न्हाईतर जुन्या मुळ्या कुजून सुटलेलं खत प्यायला नवी मुळी नसती, ते पाण्यासंगं जातं. पण ट्रॅक्टर आला अन् महारुद्र आमच्या दोघांच्या मधल्या बांधावर, धुऱ्यावर येऊन उभा राहिला. त्याच्यादेखत अर्धंच नांगरलं असतं तर ‘व्यंकटी डिझेलला महाग झाला’ असं गावभर केलं असतं त्यानं. सगळं उलथं केलं, बी फेकलं. मिरगात तीन दिवस पाणी बदाबदा पडलं अन् बियाण्यासकट वरची काळी साय धुऱ्याखाली गेली.

आता दसरा झाला. माझ्याकडं मुरूम अन् गाजरगवत, अन् महारुद्राची हळद छातीला लागायली. लोक त्याला विचारतात, कोणतं खत टाकलं? तो म्हणतो, पांडुरंगाची कृपा. अरे लेका, पांडुरंग कशाला, व्यंकटीची म्हण की! तांबडी रोज धुऱ्यापशी उभी राहून खाली बघत बसती. मला तिच्याकडं बघवत न्हाई. छबूनं एकच गोष्ट सांगून ठेवली होती, तीही माझ्याच्यानं राखली गेली न्हाई. लय वाईट वाटतंय, काशीनाथराव.

राग नसावा. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा.

तुमचे दाजी,
व्यंकटी

ता. क. तपासायला दिलेली माती कुरणातली नव्हती. गोठ्यामागं बाभळीखाली तांबडी बसती, तिथली होती. पाव्हण्याकडं वस्तू पाठवायची, तर फाटकी गोधडी कोण पाठवतं? तवा तुमच्या कागदाची काही चूक न्हाई. वर सगळं खरं लिहिलं म्हणालो होतो, त्यातून एवढं वजा करा.

आणखी एक. कुरण पुन्हा उभं राहीस्तोवर तांबडीला तुमच्या शेतावर ठेवून घ्या. कडबा कुठंच मिळंना, अन् विकायला मन धजंना. तिची आई तुमच्याच दावणीची, ताईच्या लग्नात तुमच्या वडलांनी दिलेली.

शेवटचं. तांबडी छबूशिवाय कुणाला धार काढू देत न्हाई. वर्षभर मी छबूचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेऊन धार काढायलोय. (महारुद्रानं एकदा बघितलं. तवापासून तो मला अहोजाहो करतो.) लुगडं गाईसंगं पाठवतोय. सुमंगलाबाईंना सांगा, ते धुवायचं तेवढं न्हाई. गाईसाठी म्हणतोय.