काठीला वाट देणारी पाटी

बाळीवेशीजवळ, सोलापूर
जानेवारी १९७४

तीर्थरूप विरुपाक्षमामा यांना महानंदाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. मामींना माझा नमस्कार सांगावा आणि त्यांनी जेऊरहून पाठवलेली हुरड्याची पिशवी सुखरूप पोचली हेही सांगावे. (ती आधी शेजारच्या चनमल्लप्पांच्या भांड्यांच्या दुकानात पोचली. तिथून आमच्याकडे आली तेव्हा थोडी हलकी झाली होती, पण त्याबद्दल मी काही म्हणत नाही.) तुमच्या बहिणीची म्हणजे आमच्या अव्वाची तब्येत बरी आहे. अप्पा मात्र तुम्हाला पत्र लिहायला तयार नाहीत. पाटीचे प्रकरण तुझे आहे, तूच कळव, असे म्हणाले. म्हणून सविस्तर कळवते.

आमच्या दुकानाची जागा तुम्हाला ठाऊक आहे. डावीकडे चनमल्लप्पांच्या घागरी आणि बादल्या पार रस्त्यापर्यंत लोंबतात, उजवीकडे औषधवाल्याचे छप्पर पुढे आलेले. मधे आमचे चादरींचे दुकान, वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखे. नावाची पाटी दारावर सपाट बसवलेली, त्यामुळे ती वाचायची तर बरोबर समोर उभे राहावे लागते. आणि समोर सायकल पंक्चरवाला असल्याने तिथे उभा राहणारा माणूस खाली चाकाकडे बघत असतो. दुष्काळानंतर गिऱ्हाईक आधीच कमी झाले होते. अप्पा म्हणत, धंदा नशिबाचा असतो. मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले होते, त्यामुळे मला ते पटत नव्हते.

मी आधी नीट पाहणी केली. आपण परगावचे आहोत असे समजून दोन्ही बाजूंनी चालत आले, आणि एकदा खरोखरच आमच्या दुकानावरून पुढे निघून गेले. मग रस्त्यावरच्या लोकांना विचारले की शंकरप्पांचे चादरींचे दुकान तुम्हाला सापडते का. सगळे म्हणाले, "हितंच की." पाहणीत दुकान सर्वांना सापडते असे निघाले. ज्यांना सापडत नाही ते या रस्त्यावर विचारायला भेटणारच नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

उपाय एकच होता. पाटी भिंतीला चिकटून न ठेवता उघड्या दारासारखी रस्त्याकडे काढायची, म्हणजे येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला दोघांनाही लांबून दिसेल. अप्पांना हे अजिबात मान्य नव्हते. "दुकानानं रस्त्यात हात पसरायचा? आपन काय भीक मागतो व्हय?" असे म्हणाले. पण माझ्या मदतीला अव्वा आली, तिचे कारण वेगळे होते. दोन वर्षांपूर्वी लातूरचे पाहुणे मला बघायला आले, ते तुम्हाला आठवत असतील. आमचे दुकान न दिसल्याने ते चनमल्लप्पांकडे शिरले. आपल्याकडे आलेल्या माणसाला पाणी आणि चहा दिल्याशिवाय कोण, कुठले, असे विचारत नाहीत. चनमल्लप्पांच्या थोरल्या मुलीने चहा आणून दिला. कोण, कुठले हे निघेपर्यंत मुलगी पसंत पडली होती. ती आता लातूरला सुखात आहे. अव्वा अजूनही त्या घरची साखर उसनी आणत नाही.

शेवटी अप्पांनी अट घातली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पाटीने गिऱ्हाईक आणले, तर मी दुकानाच्या गादीवर बसायचे आणि लोक काही बोलले तरी अप्पांनी ते ऐकायचे नाही. नाही आणले, तर तुम्ही सुचवलेल्या करमाळ्याच्या पाहुण्यांना मी तोंड वर न करता चहा द्यायचा. मामा, मला गादी हवी होती. घरात शिकलेली मी पहिली, आणि शिकून फक्त चहाचा ट्रे नीट धरता येतो असे व्हायला नको होते.

मग पाटी कशी असावी यावर चर्चा झाली. अप्पांचे मत, चादरीच्या दुकानाने चादरच टांगावी. एक सुंदर लाल चादर काठीवर टांगून पाहिली. दिवस मावळेपर्यंत पलीकडच्या भजीवाल्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी तिला हात पुसले होते. आतून दिवा लागणारी काचेची पेटी मला आवडली, पण ती दवाखान्यासारखी दिसते असे औषधवाला म्हणाला (आणि त्याला ते आवडलेले दिसले नाही). शेवटी लोखंडी चौकटीतला पत्रा ठरला. पेंटर भीमाशंकरला अप्पांनी सांगितलेला मजकूर असा: श्री सिद्धेश्वर प्रसन्न, आजोबांचे नाव, अप्पांचे नाव, चादरी, टॉवेल, सतरंज्या, एकच भाव, आणि शाखा कोठेही नाही. भीमाशंकर म्हणाला, "मालक, ह्ये वाचायला गिऱ्हाईकाला जेवून यावं लागंल." मी फक्त देवाचे नाव, अप्पांचे नाव आणि 'चादरी' एवढेच ठेवले. स्टेशनकडून येणाऱ्यांसाठी एका बाजूला मराठी आणि अक्कलकोटकडून येणाऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूला कानडी. भीमाशंकरने बसवताना ती उलटी बसवली. अक्कलकोटच्या लोकांना मराठी येते म्हणून ते चालले, स्टेशनवरून येणारे मात्र ती फिरवून घेईपर्यंत दोन दिवस आम्हाला गदगचे समजत होते.

पाटी किती उंच असावी याची मी पूर्ण काळजी घेतली होती. सुताचे गठ्ठे भरलेली बैलगाडी खालून जाते का, ते गाडी थांबवून पाहिले. पालिकेत जाऊन विचारून आले. पाटी बसवताना शिडी स्वतः अप्पांनी धरली होती. आणि पाटी दिसू लागली, मामा. सहा-सात अनोळखी गिऱ्हाइके आली. मी गादीच्या कडेला बसून बघितले.

मग सिद्धेश्वराच्या काठ्यांचा सराव सुरू झाला.

आमच्या घरात तीन पिढ्या नंदीध्वजाची घराहून उंच काठी पेलतात. ती दरवर्षी या रस्त्याने जाते, आणि विजेच्या तारा चुकवायला ती नेमकी आमच्या बाजूला घ्यावी लागते. हे अप्पांना माहीत होते, अव्वाला होते, मलाही होते. पण काठी आली की आमच्याकडचा प्रत्येक माणूस तिच्या टोकाकडे बघतो; वाटेत काय आहे ते बघायचे काम इतरांचे असते. त्या संध्याकाळी काठी अप्पांच्या हातात होती, आणि ती त्यांच्याच मुलीने लावलेल्या पाटीला येऊन टेकली. वाजप थांबले. सगळी माणसे आधी पाटीकडे आणि मग माझ्याकडे बघू लागली. चनमल्लप्पा आपल्या घागरींच्या मधून म्हणाले, "काय शंकरप्पा, पोरगी बी.ए. झाली म्हनून सिद्धरामेश्वराला रस्ता बदलायला लावताय की काय?"

अप्पांनी काठी मागे घेतली, तारांखालून वाकवून पुढे नेली. घरी आल्यावर जेवले नाहीत. उद्या पाटी काढायची, एवढेच म्हणाले. या वेळी ते बरोबर होते. भाकरी थापता थापता अव्वा म्हणाली, "दार मिटतं, पेटी मिटती, मग पाटीलाच काय धाड भरलीय?" सकाळी मी लोहाराकडे जाऊन चौकटीला बिजागऱ्या बसवून घेतल्या आणि खालून ओढायला दोरी बांधली.

सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीतली माणसे रस्ताभर होती. काठी जवळ आली तशी मी दोरी ओढली आणि पाटी वळून भिंतीला टेकली. काठी पुढे गेली, पाटी पुन्हा बाहेर आली. दुसरी काठी आली, पुन्हा आत. गर्दीतली एक म्हातारी पाटीलाच हात जोडून म्हणाली, "बघा, लोखंडाला बी कळतंय." अप्पा काठीमागून चालत होते. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा टोकावरची नजर काढून खाली माझ्याकडे बघितले.

नंतरचे सगळे दिवस जत्रेतली माणसे "काठीला वाट देनारी पाटी कुटं हाय" असे विचारत येत होती. पाटी बाहेर असताना जेवढे गिऱ्हाईक आले, त्याच्यापेक्षा जास्त ती आत गेल्यामुळे आले. हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही. अप्पा अटीला जागले. काल त्यांनी गादी झटकली, स्वतः बाजूला सरकले आणि म्हणाले, "बस की. हुबी का?"

सर्वांना यथायोग्य नमस्कार.

तुमची,
महानंदा

ता. क. करमाळ्याच्या पाहुण्यांना तुम्ही पुढच्या सोमवारी पाठवणार असे अव्वाकडून कळले. मामा, त्यांना पाटीची खूण सांगू नये अशी विनंती आहे. ती मिटली की चनमल्लप्पांच्या नावावर जाऊन बसते (जत्रेत ते फार ओरडले), म्हणजे त्यांचे दुकान आमचे वाटते. त्या दिवशी मी ती मिटून ठेवीन. चनमल्लप्पांची धाकटी मुलगी गुणी आहे आणि तिला लग्नाची हौसही आहे.

ता. क. दुसरे. पत्र पाकिटात घालण्याआधी मी ते अप्पांना वाचून दाखवले, ही चूक झाली. अव्वा आत भाकऱ्या करत होती. तिने पाटी उघडी ठेवून बिजागरीला कुलूप घातले आहे आणि किल्ली कमरेला खोचली आहे. तेव्हा पाहुण्यांना पाठवाच. पण दुकानाच्या वेळेत, रस्त्याच्या दाराने पाठवा. त्यांना दोन-चार चादरी उलगडून दाखवीन आणि बोलताना तोंड वर ठेवीन. एवढे बघूनही मुलगी पसंत असेल, तर मग चहाचे बघू.