शेळीचं तोंड पोचतं तिथवर

प्रिय ठमे,

एकाच घरात राहून आई पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस. समोर बोलायला गेले की तू विषय बदलतेस आणि माझे डोळे भरून येतात, म्हणून हे तुझ्या डब्याखाली ठेवतेय.

काल तुला न सांगता तू काम करतेस त्या उद्यानात आले होते. तिकीट काढलं आणि तुझ्यामागून फिरणाऱ्या लोकांत सगळ्यांत शेवटी उभी राहिले. तू एका काटेरी झाडापाशी थांबलीस. खालच्या फांद्या काट्यांनी भरलेल्या, वरच्या जवळजवळ गुळगुळीत. शेळीचं तोंड पोचतं तिथवरच काटे, असं सांगायला घेतलंस आणि 'शे'वरच अडकलीस. कुणीतरी फिसकन हसलं. शाळेत असं झालं की तू मटकन खाली बसायचीस आणि मग दिवसभर तोंड उघडायची नाहीस. काल थांबलीस, श्वास घेतलास, शब्द पुरा केलास आणि पुढे चालू!

मग पानासारखी हिरवी अळी दाखवलीस. सगळे डोळे ताणून शोधताहेत आणि ती त्यांच्या नाकासमोरच! एका मळकट पतंगाला काडीनं हळूच डिवचलंस, तर त्याने पंख उघडून पंखांवरचे दोन मोठे डोळेच वटारले. शेजारचे आजोबा चक्क दचकले. त्यांनी विचारलं, "झाडाला कसं कळतं गं, काटे कुठे हवेत ते?" तू म्हणालीस, "खाल्लेल्या फांदीवर नवे काटे लांब येतात, आजोबा. आत नेमकं काय घडतं, ते मलाही शोधायचंय." माहीत नाही हे इतक्या ताठ मानेनं सांगणारी माझी लेक! मला राहवेना. आजोबांना सांगूनच टाकलं, "माझी मुलगी आहे ती."

ते उद्यानाच्या मोठ्या बाईंनी ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मग तुम्हीच समजवा तिला. या काट्यांच्याच अभ्यासासाठी परदेशात दोन वर्षांची जागा मिळतेय, आणि आई एकटी पडेल म्हणून नको म्हणतेय."

मला पत्ताच नव्हता. अगं, तुझे बाबा गेल्यावर शिवणाचं दुकान मी एकटीनं उभं केलं. आता मला काय वाघ खाणार आहे? बाई सोमवारपर्यंत थांबणार आहेत. आणि तुझी खोली मी मावशीला देऊन टाकलीय. पडद्यांचं मापसुद्धा घेऊन गेली ती. तेव्हा राहायचंच असेल, तर स्वयंपाकघरात झोपावं लागेल. जा, ठमे. होकार कळवून ये.

कालपासून जमिनीवर पाय नसलेली,
तुझीच आई