लग्नाच्या हॉलमध्ये भरलेली शाळेची सभा

ती. ताईंना,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक, तुम्हीही ठीक असाल, असं पहिल्या ओळीत लिहून मोकळं व्हायचं असतं. पण हल्ली त्या ओळीवर माझा विश्वास राहिलेला नाही. म्हणून सरळच विचारते: घरात ताप कुणाला नाही ना? वास येतो ना सगळ्यांना? भाऊजींचा खोकला शेवटी भिंतींना दिलेल्या रंगामुळे होता हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. (त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी आधी रंगाचा डबा दाखवा आणि मग खोका. इथे दोन दिवस आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.) तुमच्या आईंचा दमा आटोक्यात आहे. त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय आणि त्या खोलीचे नियम तुमच्या धाकट्या बंधुराजांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, स्वतः केलेत. चहा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, मागे सरकायचं आणि मग हाक मारायची. आई दार किलकिलं करून कप घेतात आणि दर वेळी ‘कैदी हजर’ म्हणतात. ह्यांना त्यात विनोद दिसत नाही. मलाही आता दिसेनासा झालाय.

एवढं सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं विचाराल. एक तर फोन दिवसभर माझ्या पहिलीच्या वर्गाच्या ताब्यात असतो. आणि दुसरं, राग मानू नका, फोनवर तुम्ही मला ‘अगं हो, कळलं’ म्हणून अर्ध्यात तोडता. आज मला कुणी तोडलेलं चालणार नाही. काल माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि अजून तिथेच मुक्काम ठोकून आहे.

आधी माझ्या वर्गाचं सांगते, म्हणजे आग कशाची ते कळेल. ह्या वर्षीची माझी पहिली मी अजून नीट पाहिलेलीच नाही. मला दिसतात कपाळं, छताचे पंखे, एका घरातली इस्त्री करणारी आजी आणि एका मुलाची डावी नाकपुडी. परवा एका मुलीने विचारलं, ‘बाई, तुम्हाला पाय आहेत का?’ मी उठून, मागे जाऊन, दोन्ही पाय नाचवून दाखवले, तर नेमकं तेव्हाच तिचं नेटवर्क गेलं. हे हसण्यावारी नेता येतं. पण अर्ध्या वर्गाच्या घरी फोनच नाही, त्यांचं काय करू? त्यांतली एक मुलगी मला बाजारात भेटली, आईशेजारी बसून पायमोजे विकत होती. गेल्या वर्षी बालवर्गात सगळ्यांच्या आधी ‘क’ काढायला शिकली होती. मी जमिनीवर बोटाने ‘क’ काढला आणि विचारलं, हे काय गं? तिने अक्षराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला मोज्याचा भाव सांगितला.

तर अशात वरून आदेश आला, की शाळा उघडायची की नाही हे ज्या त्या शाळेने पालकांशी बोलून ठरवावं. म्हणजे वरच्यांनी निखारा अलगद आमच्या ओंजळीत टाकला आणि स्वतः हात धुवायला गेले. (हात धुणं ह्या एका बाबतीत त्यांचं वागणं अगदी नियमाला धरून आहे.) दारूची दुकानं उघडली तेव्हा पिणाऱ्यांच्या बायकांची सभा घेतल्याचं माझ्या तरी कानावर नाही. जिम उघडली, लग्नाचे हॉल उघडले, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही. सहा वर्षांच्या पोरांनी पाटी घेऊन बसायचं म्हटल्यावर मात्र सगळ्या गावाला मत फुटलं.

हेडसरांनी सभा बोलावली. कुठे? शाळेत नव्हे! शाळेत जमायला बंदी आहे. लग्नाच्या हॉलला परवानगी आहे. म्हणून एका वर्गात पंधरा मुलं बसवणं धोक्याचं आहे का, हे ठरवायला काल दीडशे मोठी माणसं एका बंद हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसली. खिडक्या लावलेल्या, कारण एसी चालू होता. स्टेजवर आदल्या लग्नाच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या. एकीत हेडसर, दुसरीत आरोग्य अधिकारी. हेडसर इतके अवघडून खाली मान घालून बसले होते, की बघणाऱ्याला वाटावं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध लागलंय.

पालक समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या रस्त्यावरचे जिमवाले. बंदी उठली त्या सकाळी त्यांच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वीस-पंचवीस दांडगे पुरुष एका खोलीत धापा टाकत होते आणि काचांवरून घाम ओघळत होता. तेच गृहस्थ माईक हातात घेऊन, गळा दाटून म्हणाले, की मुलांच्या जिवाशी खेळ होऊ देणार नाही. टाळ्या. मग ज्यांना शाळा उघडायला हवी होती ते, म्हणजे माझ्या बाजूचे, बोलायला उठले, आणि खरं सांगते, माझ्या बाजूची माणसं ऐकून मला माझी बाजू सोडावीशी वाटली. एक म्हणाला, हा आजारच खोटा आहे, आणि हे सिद्ध करताना त्याला खोकल्याची अशी उबळ आली, की पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. दुसरा म्हणाला, कशीही करून उघडा, आम्हाला घरात पोरांचा वैताग आलाय. (पोरांनाही त्यांचा आला असेल, पण त्यांची सभा कोण घेणार?)

हॉलचा माणूस प्रत्येक बोलणाऱ्यानंतर माईकवर सॅनिटायझर फवारत होता. इतक्या मनापासून, की थोड्या वेळाने माईकने एक शिंक दिली आणि प्राण सोडला. झालं! आता ऐकू जायचं तर ओरडायला हवं, आणि ओरडायचं तर मास्क खाली घ्यायला हवा. दीडशे हनुवट्यांवर दीडशे मास्क. शेवटी अधिकारी उठले, त्यांनी स्वतःचा मास्क खाली केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘कोणीही मास्क खाली करू नये!’

ह्या गदारोळात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई उभी राहिली. शिवणकाम करते, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मास्क न काढताच बोलली आणि तरी सगळ्यांना ऐकू गेलं, कारण हॉल आपोआप गप्प झाला. म्हणाली, ‘माझा नवरा ह्याच आजारात गेला. दवाखान्यातून फोन आला, तो कुणाचा होता तेही मला अजून माहीत नाही. पोराला शाळेत पाठवा म्हणता. पाठवीन. पण त्याला काही झालं, तर मला सांगायला कोण येणार? तेवढं सांगा.’

मी अशाच भीतीच्या विरुद्ध बोलायला तयारी करून गेले होते, ताई. पाठ केलेलं सगळं जागच्या जागी विरघळलं. मला तिचा राग आला नाही, यायचं कारणच नव्हतं. पण तेवढ्यात जिमवाल्यांनी टाळी वाजवली. तिचं दुःख आपल्या पारड्यात पडलं म्हणून टाळी! मग सगळी ‘बंद’वाली मंडळी टाळ्या वाजवायला लागली आणि ती बाई मधोमध उभी, कुणी चूक पकडल्यासारखी. तिथे माझं डोकं फिरलं. मी रांगा तुडवत पुढे गेले आणि तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, ‘मी येईन सांगायला. काही झालं तरी येईन, नाही झालं तरी रोज येईन.’ आणि मग स्टेजकडे वळून जे सुचलं ते ओरडले: खोल्या बंद ठेवा, अंगण तर आहे! पहिलीला अंगणात बसवा, लांब लांब, निम्मी मुलं आज, निम्मी उद्या. ज्यांना पाठवायचंय त्यांनी पाठवावं, नसेल त्यांच्या मुलांना मी संध्याकाळी दारात उभी राहून शिकवीन.

ह्यावर अधिकाऱ्यांनी आदेशाचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, यात ‘वर्गखोली’ असा शब्द आहे, ‘अंगण’ असा शब्द नाही. त्यामुळे बंदी घालण्यासारखंही काही नाही आणि परवानगी देण्यासारखंही नाही. हेडसर म्हणाले, पण बाई, अंगणाला शाळा म्हणता येईल का? मी म्हटलं, सर, पोरगं अंगणात गुडघा फोडून घेतं तेव्हा ‘शाळेत पडलं’ म्हणूनच घरी कळवता ना? जिमवाल्यांनी ऊन काढलं, धूळ काढली, शेवटी मुंग्यासुद्धा काढल्या. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण तिचा असा धडधाकट दाखला प्रथमच पाहिला.

शेवटी जे हात वर झाले त्यात होकाराचे किती आणि घाम पुसायला उचललेले किती हे कुणालाच कळलं नाही, पण हेडसरांना घरी जायचं होतं. ठरलं ते असं: येत्या सोमवारपासून, फक्त पहिली, फक्त अंगणात, प्रयोग म्हणून. चांगलं झालं तर शाळेचं यश, वाईट झालं तर बाईंची जबाबदारी. बाहेर ती शिवणकाम करणारी बाई भेटली. म्हणाली, पाठवते, पण पहिले काही दिवस फाटकाशी मी उभी राहणार. म्हटलं, राहा, मलाही बरं वाटेल.

घरी आले तर हे सगळं ऐकून घरमालकाने भाडं वाढवल्यासारखा चेहरा केला ह्यांनी. म्हणाले, ‘तू तिथून घरी काय घेऊन येशील? आईचा विचार केलास?’ ताई, मी खूप भांडले. पण खरी चीड कशाची येते सांगू? जिमवाले चुकीचे असतात तेव्हा भांडायला जोर येतो. हे चुकीचे नाहीत. ती बाईही नव्हती. मी पण नाही. मग पेला आपटायचा कुणावर? मी सिंकमध्ये आपटला.

असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. राग कागदावर उतरल्यामुळे थोडं हलकं वाटतंय.

तुमची,
भावजय

ता. क. हलकं वगैरे काही वाटलेलं नाही. एक गोष्ट राहिली. हेडसरांनी शेवटी अट घातली होती, की ज्या बाईंच्या घरी दम्याचं वयस्कर माणूस आहे त्यांना अंगणातही येता येणार नाही. मी दीडशे माणसांसमोर सांगून बसले, की सासूबाई शनिवारीच माझ्या नणंदेकडे राहायला जाणार आहेत आणि ते कधीचं ठरलंय. तर ताई, ते आता ठरवायचं आहे. तुमचं घर मोकळ्यावर आहे, गच्ची आहे, सगळे घरीच असता. ह्यांना अजून बोलले नाही. आईंनाही नाही. पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून पत्र औषधांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. परत येताना त्याच्याकडेच उत्तर द्या. ‘हो’ असेल तर मोठ्या अक्षरात लिहा.

ता. क. (हे अक्षर माझं, तुझ्या आईचं.) पाकीट ड्रायव्हर येईपर्यंत माझ्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलेलं होतं, चिकटवलेलं नव्हतं, आणि माझ्याजवळ वेळ भरपूर. म्हाताऱ्यांसाठी शाळा बंद, म्हाताऱ्यांसाठी दारं बंद, असं महिनोन्‌महिने ऐकते आहे. त्या हॉलमध्ये एकाने तरी एका म्हातारीला विचारलं का गं? सून गुणी आहे, पण तिनेही नाही विचारलं. विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं, की पोरं शाळेत जाऊ देत, मी कुठेही राहीन. म्हणून पत्र मीच घेऊन येते आहे. ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी आहे, काच उघडी ठेवीन म्हणालाय. घरी चिठ्ठी ठेवली आहे. मी बेल वाजवणार नाही, पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवीन. मला कुणी विचारलं नाही, म्हणून तुला न विचारता आत येणं बरं नाही. नीट विचार करून ठरव, सावकाश. जमणार नसेल तर ड्रायव्हर परत जाताना नेईल, मला वाईट वाटणार नाही. फक्त तुझी भावजय फार लांबण लावते, पानं भरपूर आहेत, आणि मी बाहेर पायरीवर बसले आहे.